गुन्हेगार कोणाला म्हणावे?

रात्री कोणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला जाते. सकाळी गावात बोभाटा होतो. पारावर चार माणसे जमतात, पोलीस पाटलांना निरोप जातो, आणि कोणी काहीही पाहिलेले नसताना एक वाक्य हमखास ऐकू येते, "अहो, ओढ्यापलीकडं पालं पडलीत ना, तिकडं बघा आधी!"

असे का होते? मोटर नेणे हे काही भुरट्याचे काम नव्हे. ती सोडवायला पान्हे लागतात, उचलायला दोन-तीन माणसे लागतात, न्यायला वाहन लागते, आणि मुख्य म्हणजे ती विकायला ओळखीचे गिऱ्हाईक लागते. ओढ्यापलीकडच्या पालात यातले काय असते? चार गाडगी, दोन शेळ्या आणि फाटकी गोधडी. पण हा विचार मागाहून सुचतो, कित्येकदा सुचतच नाही. संशय पुढे धावतो आणि पुरावा मागे राहतो.

आज या संशयाविषयीच थोडे बोलावयाचे आहे. अमुक गोष्ट गुन्हा आहे हे कोण ठरवते? गुन्हेगार हा शिक्का कोणावर बसतो? आणि एकदा बसलेला शिक्का पुसता येतो की नाही? असे हे तीन प्रश्न आहेत. ते कोर्टकचेरीचे आहेत असे आपण समजतो. पण त्यांची निम्मी उत्तरे पारावर आणि शाळेच्या वर्गात दिली जातात, म्हणून ते तुमच्याआमच्यापुढे ठेवीत आहे.

पहिला प्रश्न सोपा वाटतो. कायदा मोडला की गुन्हा झाला! पण कायदा हा काही डोंगरासारखा एका जागी उभा नसतो. सती जाणे एके काळी पुण्य मानले जाई; १८२९ साली बंगाल इलाख्यात कायदा झाला आणि त्या पुण्याला मदत करणारा गुन्हेगार ठरला. शिवाशीव पाळणे हा तर कित्येक पिढ्या धर्म समजला गेला. १९५० साली आपल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षा सांगणारा कायदा झाला, आणि कालचा धर्म आज अपराध झाला. उमाजी नाईकांना कंपनी सरकारने दरोडेखोर म्हणून फाशी दिले. आज त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून आपण वंदन करतो.

कायद्याच्या जोडीला समाजाची स्वतःची एक न्यायसभा असते, ती वेगळीच. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह रीतसर झाला होता. तरीसुद्धा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. सरकारच्या दृष्टीने निरपराध असलेला हा गृहस्थ गावाच्या दृष्टीने मोठा अपराधी होता! पुढे १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळाले. आणि गंमत पाहा, महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आहे. म्हणजे आज कोणी कोणाला वाळीत टाकले तर टाकणारा गुन्हेगार ठरतो. रेघ तीच, पण उभे राहण्याच्या बाजू बदलल्या.

एमिल दुर्खीम नावाचे एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी असे मांडले की, गुन्हा मुळीच नाही असा समाज सापडावयाचा नाही. नुसत्या साधुपुरुषांचा एक मठ कल्पिला, तरी तिथेही बारीकसारीक चुकांवरून तसेच काहूर उठेल, जसे आपल्याकडे मोठ्या अपराधावरून उठते. कारण समाज कुठेतरी रेघ ओढतो आणि ती ओलांडणाऱ्याला नाव ठेवून आपण सारे एक आहोत हे स्वतःला बजावतो.

याचा अर्थ असा मात्र करू नका की, मग खरे-खोटे असे काही नाहीच. खून हा खून आहे, आणि गरिबाची शेळी चोरणे हे सर्वत्र पापच आहे. रेघ हवीच. प्रश्न आहे तो हा, की रेघ ओलांडली कोणी हे आपण पाहतो, की रेघेपलीकडे कोणाला लोटावयाचे हे आधीच ठरवून बसतो?

इथे दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. यासाठी आपल्याच देशातला एक कायदा पाहावा लागेल. इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. नावच पाहा. गुन्हेगार माणसांचा नव्हे, गुन्हेगार जमातींचा! आपल्याकडे सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, त्या अर्थी चोराचा मुलगा चोरच व्हावयाचा, असा त्यामागचा हिशेब होता. प्रथम हा कायदा उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला.

एखादी जमात सरकारी यादीत गेली की तिच्यातल्या माणसांची नोंद होई. ठरावीक वेळी पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. हद्द सोडून जावयाचे तर पास लागे. लेकीच्या सासरी जावयाचे, तरी पास! पास नसताना सापडला की तोच गुन्हा. मग चोरी केली असो वा नसो. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याची सोय केली. पाळण्यातल्या पोराने कोणता गुन्हा केला होता? पण कायद्याच्या लेखी ते जन्मतःच संशयित होते.

बरे, ही माणसे होती कोण? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलुखभर फिरत. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले, आणि त्यांचा धंदा बसला. रामोशी-बेरड किल्ल्यांची आणि गावांची राखण करीत. किल्ले गेले, तशी राखणही गेली. पारध्याची शिकार जंगलावर चालायची. जंगल सरकारी झाले आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच अपराध ठरली. पोटाची वाट बंद झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी चोऱ्या केल्या नसतील असे मी म्हणत नाही. पण काहींनी केले ते साऱ्यांच्या माथी, आणि बापाने केले ते नातवाच्या माथी मारणे, याला न्याय कसे म्हणावे?

सोलापूरकर श्रोत्यांना 'सेटलमेंट' हा शब्द नवा नाही. तारेच्या कुंपणात या लोकांची वस्ती करून त्यांना ठेवीत. माणसे सूतगिरण्यांत कामाला जात, परत येत आणि हजेरी देत. चांगली वागणूक दाखवली तर कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत राहावयास मिळे. अशाच वसाहती हुबळी, विजापूर, बारामती इथेही होत्या. काही अधिकारी मनापासून सुधारणा करू पाहत होते, शाळा चालवीत होते, हेही खरे. पण कुंपणाच्या आत शिकवलेला पहिला धडा एकच होता, 'तू चोर आहेस आणि आम्ही तुला सुधारीत आहोत.' जो धडा रोज हजेरीबरोबर गिरवला जातो, तो मनातून सहज जात नाही. शिकणाऱ्याच्याही नाही आणि शिकवणाऱ्याच्याही नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. ही माणसे आणखी पाच वर्षांनी मुक्त झाली. म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात, आणि कित्येक ठिकाणी ती मंडळी ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या यादीत आज १४ विमुक्त जाती आहेत.

कायदा गेला, पण संशय गेला का? लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली निघाले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरीचा शिक्का जन्माने घेऊन आलेल्या घरातल्या एका मुलाने शाळेची पायरी चढावी म्हणून काय सोसावे लागते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल त्यांनी ते अवश्य वाचावे. मी इथे दोन घटना सांगतो. दोन्ही आपल्याच राज्यातल्या, आणि फार जुन्या नाहीत.

पहिली घटना नाशिक जिल्ह्यातली. २००३ साली एका कुटुंबावर अत्यंत अमानुष हल्ला झाला, खून झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडले. खालच्या कोर्टापासून खटला चालत वर गेला आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. पुढे त्याच न्यायालयाने त्या निर्णयाचा फेरविचार केला. तेव्हा दिसून आले की, हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांजवळच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, पण त्या चौघांचा तपासच झाला नव्हता! ५ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. त्या सहांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षे तुरुंगात! पाच लाखांत त्यातले एक वर्ष तरी विकत मिळेल का?

आणि त्या दुसऱ्या कुटुंबाचा विचार करा, ज्यांची माणसे गेली. त्यांना काय मिळाले? भलत्यालाच पकडले म्हणजे अन्याय एकाच घरावर होत नाही. ज्याने गुन्हा केला तो मोकळा राहतो, आणि ज्याचे गेले त्याला न्याय मिळतच नाही.

दुसरी घटना धुळे जिल्ह्यातली, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याची. १ जुलै २०१८. रविवारचा बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. कोणाला तरी संशय आला. जमाव जमला. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. मुले पळवल्याचे कोणी पाहिले नव्हते, कोणाचे मूल हरवलेही नव्हते.

श्रोतेहो, त्या दिवशी गुन्हेगार कोण होते? मारणाऱ्यांना वाटत होते की आपण गुन्हेगारांना शासन करीत आहोत, गावाची मुले राखीत आहोत. आणि तसे वाटत असतानाच ते स्वतः खुनी झाले. जमावाला शिक्षा करावयाची घाई असते. चौकशीला मात्र त्याच्यापाशी वेळ नसतो. म्हणून तर चौकशीचे आणि शिक्षेचे काम समाजाने कोर्टाच्या हाती दिले.

आता कोणी म्हणेल, "प्राध्यापक महाशय, तुम्हांला बोलायला काय जातं? मोटर आमची गेली. उभं पीक वाळलं आमचं!" हा आक्षेप रास्त आहे. ज्याचे नुकसान झाले त्याचा राग खोटा नसतो, आणि चोराला शिक्षा व्हावीच. माझे म्हणणे इतकेच की, शिक्षा कृत्याला असावी. जातीला, पालाला, आडनावाला असू नये. आणि शिक्षा भोगून झाली की ती संपावी.

ती संपते का? हा आपला तिसरा प्रश्न. एखादा तरुण चोरीत सापडतो, सहा महिने तुरुंगात जाऊन येतो. गावात परततो तेव्हा काय होते? कामावर कोणी घेत नाही. दुकानदार उधार देत नाही. बहिणीचे लग्न मोडते. गावात काही हरवले की पोलीस पहिल्याने त्याच्याच दारी. सरळ मार्गाने चार पैसे मिळवण्याच्या साऱ्या वाटा अशा बंद झाल्यावर त्याला जवळ करणारे कोण उरतात? तुरुंगातले सोबती. मग तो पुन्हा चुकतो, आणि आपण मान डोलावून म्हणतो, "बघा, मी म्हटलं नव्हतं? जित्याची खोड!" पण त्या खोडाला पाणी कोणी घातले, हे कोणी विचारत नाही.

याच्या उलट वाटही आपल्याच मातीत सापडते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. हा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रिडमन नावाच्या एका पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने तिथे खुल्या तुरुंगाचा प्रयोग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, पण उंच भिंती नाहीत, बेड्या नाहीत. जमीन कसावयाची, पिकवावयाचे आणि बायकामुलांसह राहावयाचे. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली, आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चित्रपटाचे राहू द्या; महत्त्वाची गोष्ट ही की, संस्थान गेले तरी वसाहत मोडली नाही. सरकारच्या तुरुंग खात्याने ती पुढे चालवली.

भिंत नसताना माणूस पळून का जात नाही? कारण तिथे त्याचे शेत असते, बायकामुले असतात, आणि कोणीतरी आपल्यावर विश्वास टाकला आहे ही जाणीव असते. बाहेर त्याला गमावण्यासारखे काही उरलेले नसते, इथे असते. सगळ्याच कैद्यांना असे मोकळे ठेवता येईल, असे कोणी म्हणणार नाही. निवड करावीच लागते. पण खून केलेला माणूससुद्धा पुन्हा माणसांत बसू शकतो, एवढे तर स्वतंत्रपूरने दाखवून दिले.

कायदाही हळूहळू या बाजूला वळतो आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले, आणि विमुक्त जातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंगांतल्या नियमांना चाप लावला. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावरही ते नियम पुस्तकांत बसून होते!

मग आपण काय करावे? मोठ्या गोष्टी सोडून देऊ. गावापुरते बोलू.

चोरी झाली तर आधी फिर्याद द्यावी. काय गेले, केव्हा गेले, शेवटचे कोणी पाहिले, हे नीट सांगावे. 'संशय कोणावर?' असे विचारले तर पाहिलेले असेल तेच सांगावे. ऐकीव असेल तर ऐकीव आहे म्हणून सांगावे. जमाव जमू लागला तर गावातल्या चार शहाण्यांनी मध्ये उभे राहावे आणि पोलीस येईपर्यंत कोणाच्या अंगाला हात लागू देऊ नये. मोबाईलवर आलेली अफवा पुढे पाठवण्यापूर्वी पोलीस ठाण्यात एक फोन करावा. राईनपाड्याला त्या दिवशी एवढे घडते तर पाच माणसे वाचती.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या हाती तर याहून मोठे काम आहे. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली तर पारध्याच्या पोराचे दप्तर पहिल्याने उघडू नका. दप्तरे पाहावयाचीच तर सगळ्यांची पाहा, नाहीतर कोणाचेच नको. आठ वर्षांच्या मुलाला चाळीस मुलांसमोर एकदा चोर ठरवले की ती पेटी त्याच्या चटईखाली सापडली काय किंवा मास्तरांच्या टेबलाखाली सापडली काय, त्याच्यापुरता निकाल लागून गेलेला असतो. तो उद्या शाळेत येत नाही.

आणखी एक गोष्ट, कदाचित सर्वांत उपयोगाची. विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढावयाचा तर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांना एका गावात चार महिनेही टिकू दिले नाही, त्यांनी तो कोठून आणावयाचा? कित्येकदा त्यांचा एकमेव आधार म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. कोणा गुरुजींनी कधीकाळी एका पोराला हाताला धरून शाळेत आणले, त्याचे नाव, जात आणि जन्मतारीख नीट लिहिली. त्या एका ओळीवर आज त्याच्या नातवाचे शिक्षण उभे राहते. हजेरी पोलीस ठाण्यातही होती आणि हजेरी शाळेतही असते. पहिल्या हजेरीने त्यांना चोर म्हटले. दुसरीने त्यांना विद्यार्थी म्हणावे.

यंदा सुगीनंतर तुमच्या शिवारात पालं पडतील, तेव्हा तिथे एखादे सहा-सात वर्षांचे मूल दिसेल. त्याचे नाव शाळेत आहे का, एवढे विचारा. नसेल तर घाला. गाव सोडून जाताना त्याच्या आईबापांना पुढच्या शाळेसाठी कागद द्या. गुन्हा थांबवण्याचा याहून स्वस्त आणि याहून खात्रीचा उपाय मला तरी ठाऊक नाही.